साथीत हायस्कूल चालवायचं असेल तर आधी खिडक्यांचे खिळे काढा

आमच्या हायस्कूलच्या रस्त्याकडच्या चार वर्गांच्या खिडक्या कित्येक वर्षं खिळे ठोकून बंद होत्या. कारण साधं, शाळा दहावीचं केंद्र आणि मार्च महिन्यात बाहेरून कॉप्या आत यायच्या, म्हणून कधीतरी कुणीतरी खिळे मारले आणि ते परत काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कोरोनात बंद पडलेली शाळा 23 नोव्हेंबर 2020 पासून नववी ते बारावीसाठी सुरू करायचं ठरलं तेव्हा आम्ही सॅनिटायझरचे पाच लिटरचे कॅन आणले, थर्मल गन आणली, मैदानात चुन्याचे गोल आखले, गेटला फ्लेक्स लावला, आणि पोरं नेऊन बसवली त्याच चार वर्गांत, खिडक्या बंदच. चौदा-पंधरा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी विज्ञान शिकवतो, बोला आता.

म्हणून हे लिहितोय. 2020 ते 2022 मध्ये शाळा कितीदा उघडली आणि कितीदा मिटली ते सगळ्यांना आठवतंय, नोव्हेंबर 2020 ला मोठे वर्ग, 27 जानेवारी 2021 ला पाचवी ते आठवी, मग दुसरी लाट आणि परत कुलूप, मग 4 ऑक्टोबर 2021, मग ओमिक्रॉन हा कोरोनाचा नवा प्रकार आला म्हणून जानेवारीत बंद आणि 24 जानेवारी 2022 पासून परत सुरू. या सगळ्यात जे जमलं आणि जे फसलं ते एका जागी असावं एवढंच. साथ काय परत येणारच नाही असं नाही, 2009 ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातलीच 14 वर्षांची शाळकरी मुलगी होती, तेव्हाही पुण्यातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

तर पहिलं काम हवा. कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो, बोलताना श्वास सोडताना जे बारीक कण बाहेर पडतात ते बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, सिगारेटच्या धुरासारखं समजा. मग खोलीत सहा फुटांचं अंतर ठेवलं तरी तासाभरात धूर सगळीकडे पोचतोच की. म्हणून शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी शिपाई मामांना घेऊन प्रत्येक वर्गात फिरा आणि हातात पक्कड, हातोडी, थोडं तेल ठेवा. खिळे काढा, गंजलेल्या कड्यांना तेल सोडा, खिडकीला लावून ठेवलेली कपाटं आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हलवा, वरचे झरोके पुठ्ठा लावून बुजवलेले असतात ते मोकळे करा. दार वाऱ्याने आपटतं म्हणून मुलं लावून घेतात, तिथे एक वीट ठेवा, शाळेतला सगळ्यात स्वस्त आरोग्य खर्च हाच.

मग उदबत्ती लावा. खरंच. वर्गाच्या मधोमध उभं राहून उदबत्ती छातीएवढ्या उंचीवर धरायची आणि धूर कुठे जातो बघायचं. सरळ एका खिडकीकडे खेचला गेला तर हवा खेळतेय. नुसताच वर जाऊन पसरला आणि मिनिटभराने पण तिथेच घुटमळतोय तर तो वर्ग वाईट. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पण धरून बघा कारण मागचे बेंच बहुतेक भिंतीच्या आडोशाला असतात. आमच्याकडे आठवी ब चा वर्ग असा निघाला की दार आणि खिडक्या दोन्ही एकाच बाजूला, समोरची भिंत सलग, धूर जागचा हलेना. तो वर्ग आम्ही सरळ बंद केला आणि आठवी ब ला व्हरांड्यात बसवलं, फळा तिवईवर ठेवून. पोरं खूश होती, कबुतरांचा त्रास सोडला तर.

असा वर्ग बंद करणं शक्य नसेल तर एक्झॉस्ट फॅन किंवा साधा उभा पंखा खिडकीत ठेवा, पण तोंड बाहेर, म्हणजे आतली हवा बाहेर फेकली जाईल आणि समोरच्या दारातून ताजी आत येईल. लोक उलटं लावतात. छताच्या पंख्यावर विसंबू नका, खिडक्या बंद ठेवून छताचा पंखा लावणं म्हणजे पातेल्यातलं वरण पळीने ढवळणं, वरण तेच राहतं. शाळेकडे पैसे असतील तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं मीटर घ्या, काही हजारांत येतं. बाहेरच्या हवेत साधारण 420 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 420 भाग, असतो, वर्गात 800 च्या खाली राहिला तर उत्तम, 1000 च्या वर गेला की आणखी उघडायला जागा शोधा, 1500 दाखवलं की मुलांना दहा मिनिटं बाहेर काढा. हे मीटर विषाणू मोजत नाही, दुसऱ्याने सोडलेली हवा आपण किती घेतोय एवढंच सांगतं, पण तेवढंच तर कळायला हवंय. दहावीच्या पोरांना नोंदी ठेवायला लावा, मस्त प्रोजेक्ट होतं.

आता कुणीतरी म्हणणार थंडीत कसं करायचं, पावसात झड आत येते. थंडीत पूर्ण उघडू नका, समोरासमोरच्या खिडक्या वीतभर उघड्या ठेवा आणि गणवेशावर स्वेटर, शाल, कानटोपी जे असेल ते चालेल म्हणून आधीच जाहीर करा, नाहीतर शिस्तीचे सर गेटवरच अडवतात. पावसात झड ज्या बाजूने येते ती बाजू लावा, दुसरी उघडी. आणि दर तासाच्या बेलला दोन मिनिटं सगळं सताड उघडायचं, वर्गातला एक मुलगा आणि एक मुलगी आठवडाभर त्या कामाला, आम्ही त्यांना वायुमंत्री म्हणायचो. भारी चाललं ते, मॅडमनी खिडकी लावली तर वायुमंत्री हात वर करून आक्षेप घ्यायचे.

हवेवर एवढं का बोलतोय त्याचं एक उदाहरण. मे 2020 मध्ये इस्राएलमध्ये जेरुसलेमच्या एका माध्यमिक शाळेत, म्हणजे सातवी ते बारावी, शाळा उघडून दोन-तीन दिवस झाले आणि उष्णतेची लाट आली, म्हणून मास्कला तीन दिवस सूट दिली आणि वर्गात एसी चालू, एका वर्गात 35 ते 38 मुलं. पुढे तपासणी झाली तेव्हा 153 विद्यार्थी आणि 25 कर्मचारी पॉझिटिव्ह निघाले. आपल्याकडे एसी नाही हे एका अर्थाने नशीबच, पण एप्रिलमध्ये दुपारी ऊन येतं म्हणून खिडक्या लावून घ्यायची सवय आपल्याला आहेच. त्यापेक्षा सकाळची शाळा करा.

गर्दीचा हिशोब कागदावर करा, अंदाजाने नको. आमचे नववी अ चे 62 विद्यार्थी, बेंच 28, एका बेंचवर एक बसवायचा म्हटलं तर निम्मे पण बसत नाहीत. सम-विषम हजेरी क्रमांक करून 31 आले, तीन मुलं खुर्च्यांवर. पण सम-विषम मध्ये एक गोची आहे, सख्खी भावंडं वेगवेगळ्या वर्गात असतात, एकाचा नंबर सम एकाचा विषम, मग त्या घरातून रोज कुणीतरी येतंच आणि मोठ्या बहिणीने सायकलवर धाकट्याला आणायचं जमत नाही. म्हणून नंबरावर नको, गावावर गट पाडा. वरच्या तीन वाड्यांची मुलं सोम-बुध-शुक्र, गावातली मंगळ-गुरु-शनी. प्रवासातला गट आणि वर्गातला गट एकच राहतो, एखादा केस निघाला तर तो तेवढ्यातच अडकतो.

प्रवासाचं कुणी बघत नाही. आम्ही वर्गात पोरं लांब लांब बसवायचो आणि नोव्हेंबर 2021 ला एसटीचा संप लागला तेव्हा तीच पोरं एका वडापमध्ये, म्हणजे खाजगी जीपमध्ये, चौदा-पंधरा जण कोंबून यायची. वडापवाल्याला शाळेत बोलावून चहा पाजा आणि गोडीत सांगा की खिडक्या उघड्या, मास्क लावल्याशिवाय घ्यायचं नाही, जमलं तर दोन खेपा. ज्यांचं घर चार-पाच किलोमीटरच्या आत आहे त्यांना सायकल.

बसायची जागा मात्र ठरलेली पाहिजे आणि तिचा नकाशा वर्गशिक्षकाकडे. एका कागदावर बेंचचे चौकोन काढायचे, प्रत्येकात नाव, फोटो काढून मोबाईलमध्ये. नंतर कुणी आजारी निघालं तर आजूबाजूला कोण होतं ते पाच मिनिटांत कळतं. नाहीतर मग "सर मी नव्हतो त्याच्याजवळ, तो सुशांत होता" सुरू होतं आणि अख्ख्या वर्गाला घरी पाठवावं लागतं. मुलांऐवजी शिक्षकांनी वर्ग बदलायचे हे तर उघडच आहे.

मास्क. कापडी पेक्षा तीन पदरी सर्जिकल बरा, एन 95 त्याहून चांगला, पण नाकाखाली असेल तर कुठलाही सारखाच. नाकावरची पट्टी दाबायला शिकवा, चष्म्यावर वाफ येत असेल तर पट्टी नीट बसली नाही असं समजा. घामाने ओला झाला की बदलायचा, म्हणून दप्तरात एक जादा. शाळेत पण एक खोका ठेवा कारण रोज चार-पाच जण विसरतातच आणि विसरला म्हणून घरी हाकलू नका, तो घरी न जाता नदीवर जातो. आणि मुलं मास्क अदलाबदल करतात हे आम्हाला महिनाभराने कळलं, एकाकडे वाघाच्या तोंडाचा होता तो अख्ख्या आठवीत फिरून आला होता. नाव लिहा मास्कवर.

शिक्षकांना मात्र काही सूट नाही. आवाज पोचत नाही म्हणून शिकवताना मास्क खाली करायची सवय आम्हा सगळ्यांना होती. मे 2021 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत लस न घेतलेल्या बाईंनी मोठ्याने वाचून दाखवताना मास्क काढला, त्यांना लक्षणं होती पण त्या अंगावर काढत होत्या, आणि त्यांच्या टेबलाजवळच्या दोन ओळींतल्या 10 पैकी 8 मुलांना लागण झाली, मागच्या तीन ओळींतल्या 14 पैकी 4. खिडक्या उघड्या होत्या तिथे. तर कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कॉलर माइक घ्या, दोन शिक्षकांत एक, आणि सर्दी झाली की रजा टाका.

परिपाठ मैदानात, आणि गाणं मोठ्याने नको. मोठ्याने गाताना जास्त कण सुटतात, मार्च 2020 मध्ये वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचे 61 लोक अडीच तास सरावाला बसले होते, त्यातले 53 आजारी पडले आणि दोघं गेले. आम्ही राष्ट्रगीत स्पीकरवर लावायचो, मुलं आपापल्या गोलात उभी, प्रार्थना मनातल्या मनात. पीटी मैदानात चालू ठेवा, पळताना मास्क नको, कबड्डी तेवढी बंद, ते "कबड्डी कबड्डी" म्हणत तोंडाला तोंड लावणं नको त्या काळात.

प्रयोगशाळेचं एक महत्त्वाचं, हे कुठल्याच आदेशात दिसलं नाही मला. सॅनिटायझर लावलेले हात घेऊन स्पिरिटच्या दिव्याजवळ जायचं नाही. त्यात अल्कोहोल असतं, पेट घेतं, आणि ज्योत नीट दिसत पण नाही. लॅबच्या दारात साबण-पाणी ठेवा आणि सॅनिटायझरची बाटली आत नेऊच नका. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचा प्रयोग शिक्षकाने सुद्धा करू नये, व्हिडिओ दाखवा. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा तर प्रत्येकानंतर पुसून घ्या.

आता फवारणीबद्दल स्पष्टच बोलतो कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे गेला. अंगावर औषध फवारणारे बोगदे, रोज संध्याकाळी वर्गात धुरळणी, वह्यांवर सॅनिटायझर, हे सगळं दिसायला छान. माणसांवर असली फवारणी करू नका असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 लाच सांगितलं होतं, तरी नंतर कित्येक ठिकाणी बोगदे उभे राहिले. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल 2021 मध्ये दूषित वस्तूला हात लावून कोरोना व्हायची शक्यता साधारण 10,000 त 1 पेक्षा कमी धरली. म्हणजे दाराच्या कड्या, नळ, जिन्याचा कठडा दिवसातून एकदा साबणपाण्याने पुसा, उलटी वगैरे झाली तर हायपोक्लोराईट, म्हणजे ब्लीचचं पाणी, बस्स. वाचलेल्या पैशात पंखे आणि मास्क येतात.

हात धुणं मात्र ठेवाच, कोरोना सोडून पन्नास आजार टळतात त्याने. साबणाची वडी नळावर दोन दिवस टिकत नाही, एकतर विरघळते नाहीतर घरी जाते, म्हणून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा. पाण्याची टाकी सकाळी भरलीय का ते बघायला एक माणूस ठरवून द्या, मुलींच्या टॉयलेटला पाणी नसेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे पुरुष शिक्षकांना सांगावं लागतं. पाण्याची बाटली घरून, माठावरचा एक ग्लास बंद. डबा उघड्यावर, झाडाखाली, आपापला, आणि जेवतानाच मास्क निघतो म्हणून वर्गात डबा नको.

आणि स्टाफरूम. आमच्या शाळेत पहिल्यांदा लागण पसरली ती मुलांत नाही, स्टाफरूममध्ये. एका सरांना सकाळपासून घसा धरला होता, त्यांच्या मुलाच्या निकालाचे पेढे होते, अकरा जण दार लावून चहा पीत बसलो, आठवड्यात सहा जण घरी. मुलांना सहा फूट सहा फूट ओरडणारे आम्हीच. चहा बाहेर पिंपळाच्या पारावर.

थर्मल गनने फसवणूक होते, दोन्हीकडून. उन्हात सायकल मारत आलेल्या पोराचं कपाळ तापलेलं असतं, गन 101 दाखवते आणि गेटवर गोंधळ. त्याला सावलीत दहा मिनिटं बसवून परत बघा. उलट बाजूला, ताप न येता लागण झालेली मुलं भरपूर असतात, ती आरामात आत जातात. गन चालू ठेवा पण तिच्या भरवशावर राहू नका, त्यापेक्षा पालकांना रोज सकाळी घरीच चार गोष्टी बघायला सांगा, ताप, खोकला, घसा, जुलाब, यातलं काही असेल तर पाठवू नका.

पण पालक पाठवतातच, का ते समजून घ्या. रोजंदारीवर जाणारी आई आजारी पोराला कुठे ठेवणार, दहावीला 75 टक्के हजेरीची भीती, शिवाय 26 जानेवारीला शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस आपणच देतो. साथीत ते बक्षीस बंद करा, आधी हे करा. हजेरीपटात आजारी मुलाचा शेरा वेगळा ठेवा आणि वर्गात सगळ्यांसमोर सांगा की त्याचा तोटा होणार नाही. चुकलेला अभ्यास त्याच दिवशी फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर, आणि ज्यांच्या घरी फोन बापाच्या खिशात दिवसभर बाहेर असतो त्यांच्यासाठी झेरॉक्स शेजारच्या मुलाबरोबर. आमच्या एका मुलीने तापाची गोळी घेऊन, गेटवर गन पार करून, सहा तास वर्गात काढले होते, कारण काय तर दोन वर्षांचा शंभर टक्क्यांचा रेकॉर्ड मोडेल.

शाळेत कुणी आजारी पडलं तर बंद खोलीत कोंडू नका. व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची, पाणी, चांगला मास्क, जवळ एकच शिक्षक तोही मास्क लावून, मुलगी असेल तर मॅडम. घरी फोन, आणि घरचं माणूस येईपर्यंत सोडायचं नाही, एकटं एसटीत बसवायचं तर अजिबात नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावा, 95 च्या वर ठीक, 94 च्या खाली आलं, धाप लागली, ओठ निळसर दिसले, पोर सुस्त पडलं तर पालकांची वाट न बघता 108 ला फोन करून रुग्णवाहिका. नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर ऑक्सिमीटर चुकीचं दाखवू शकतो, दुसरं बोट बघा. मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवा, लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून शेजारी कोण बसलं त्याची यादी नकाशावरून काढून द्या, आणि पुढचं, टेस्ट कुणाची, घरी किती दिवस, ते ठरवायचं काम त्यांचं, आपलं नाही. डॉक्टरांचा आणि आशाताईंचा नंबर ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात.

लस आली की शाळेतच कॅम्प मागून घ्या. 3 जानेवारी 2022 पासून 15 ते 18 वयाच्या मुलांना कोव्हॅक्सिन सुरू झाली तेव्हा शाळेचं ओळखपत्र पण चालत होतं. पोरांना जेवून यायला सांगा, उपाशी पोटी सुईला घाबरून चक्कर येते, आणि एक पडला की बघून आणखी तिघं पडतात.

शेवटचं, पालकांना पाठवायचा मेसेज. केस निघाली की तासाभरात मेसेज गेलाच पाहिजे, नाहीतर गावात आपोआप जातो आणि तो आपल्यापेक्षा रंगतदार असतो. मुलाचं नाव, वाडी, घर काही नाही, मुलगा की मुलगी ते पण नाही. आम्ही एवढंच टाकायचो: "नववी अ मधल्या एकाची टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे. जवळ बसणाऱ्यांच्या घरी आम्ही स्वतः फोन केला आहे. तुम्हाला फोन आला नसेल तर तुमच्या पाल्याने नेहमीप्रमाणे यायचं आहे. लक्षणं दिसली तर घरी ठेवा आणि वर्गशिक्षकांना कळवा." दुसरं वाक्य खरं असल्याशिवाय मेसेज टाकायचा नाही, आधी फोन मग मेसेज. आणि रात्री नऊनंतर तर नकोच, एकदा साडेनऊला टाकला होता, माझा फोन पहाटे पावणेपाचपर्यंत वाजत होता आणि शेवटचा फोन ज्यांचा होता त्यांचं पोरगं आमच्या शाळेत पण नव्हतं.